कॅसेटमधल्या ऑस्बीबाई

उन्हाळा लागला की ग्लेंडा माकीच्या टेबलावर जाड पाकिटांचा ढीग साचायला लागायचा. प्रत्येक पाकिटात एक व्हिडिओ कॅसेट, आणि प्रत्येक कॅसेटवर सप्टेंबरात सुरू होणाऱ्या एखाद्या नव्या मालिकेचा पहिला भाग. डुलूथच्या दैनिकात ती टीव्हीवर लिहायची. बाकीचं शहर होड्या घेऊन सरोवरावर जायचं, अंगणात मासे भाजायचं, आणि ग्लेंडा फोटोखात्याच्या जुन्या खोलीत पडदे ओढून देखणे पोलीस, आगाऊ पोरं आणि विधुर बाप बघत बसायची. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतरच्या रविवारी तिची पुरवणी निघायची. कुठल्या वारी काय बघायचं ते अर्धं शहर त्यावरून ठरवायचं, आणि उरलेलं अर्धं तिला फोन करून फैलावर घ्यायचं.

शहाऐंशीच्या जुलैत आलेल्या एका मालिकेचं नाव होतं ‘दुसरा कप’. शिकागोतला एक तरुण वकील नोकरीला कंटाळतो आणि काकाने मागे ठेवलेली हमरस्त्यावरची खानावळ चालवायला नेब्रास्कात येतो. तिथे वर्षानुवर्षं गल्ला आणि चूल सांभाळणारी मार्ज नावाची म्हातारी असते. ती त्याला सरळ करते. ग्लेंडाने कॅसेट लावली, सँडविचचा कागद सोडला, आणि मार्ज स्वयंपाकघरातून बाहेर आली तसा घास तिच्या हातातच राहिला. पडद्यावर ऑस्बीबाई होत्या.

लव्हर्न ऑस्बी. शाळेत ग्लेंडाला नाटक शिकवणाऱ्या बाई. नवरा गेल्यावर त्यांनी घर विकलं आणि एकसष्टाव्या वर्षी, “मला पडद्यावर काम करून बघायचंय,” असं म्हणून कॅलिफोर्नियाचा रस्ता धरला. तेव्हा गाव तोंडावर हसलं नव्हतं, कारण डुलूथमध्ये तोंडावर कुणी काही करत नाही. पण हसलं होतं. नंतर कवळीच्या डिंकाच्या एका जाहिरातीत बाई तीन शब्द बोलताना दिसल्या. आणि आता ही मार्ज.

मालिका बेतास बात होती. वकील प्रत्येक वाक्यानंतर केसांतून हात फिरवायचा. पण एका प्रसंगात एक ट्रकवाला घरी जायला घाबरत रेंगाळलेला असतो, आणि मार्ज काही न बोलता त्याच्यासमोरचं टेबल पुसत राहते. पुसून झालेलं टेबल ती पुन्हा पुसते. मग फडकं खांद्यावर टाकून म्हणते, “ती जागी असेल. जा.” ग्लेंडाने ते चार वेळा मागे नेऊन पाहिलं.

मग तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. आपल्या बाई म्हणून तर आपल्याला हे चांगलं वाटत नसेल ना? तिने पुरवणीचा संपादक वॉल्टर डेन्झर याला बोलावलं. तो कॅन्ससहून नुकताच आला होता, त्याला ऑस्बीबाई म्हणजे कोण हे माहीत असायचं कारण नव्हतं. वॉल्टर दाराला टेकून दहा मिनिटं बघत उभा राहिला.

“ही म्हातारी कोण?”

“का?”

“तो पोरगा बोलतोय आणि मी हिच्याकडेच बघतोय. बाकी सगळं टाकाऊ आहे.”

ग्लेंडाने तसंच लिहिलं. मालिका सामान्य, पण मार्जसाठी बघा.

ऑगस्टमध्ये आर्डिस निगार्डचा फोन आला. ती ऑस्बीबाईंची धाकटी बहीण. लुथरन चर्चमधलं एकही जेवण तिच्या देखरेखीशिवाय झालेलं नव्हतं.

“ग्लेंडा, चर्चचा हॉल घेतलाय मी. पहिला भाग सगळ्यांनी मिळून बघायचा. टीव्हीच्या दुकानातून मोठा टीव्ही मागितलाय. लव्हर्न स्वतः विमानाने येतेय! कशी झालीय गं ती? सांग ना.”

“छापायच्या आधी नाही सांगता येत, मिसेस निगार्ड.”

“अगं, मला सुद्धा?”

“चांगल्या झाल्यात,” ग्लेंडा म्हणाली, आणि पलीकडे आर्डिसने रिसीव्हर बाजूला न धरताच नवऱ्याला हाक मारली.

पुढच्याच आठवड्यात वाहिनीच्या प्रसिद्धी विभागातून ब्रॅडी नावाच्या माणसाचा फोन आला. त्याचा आवाज नेहमी नुकतीच आंघोळ केल्यासारखा ताजातवाना असायचा.

“‘दुसरा कप’मध्ये जरा बदल आहे, मॅडम. मार्जची भूमिका आता थोडी तरुण होतेय. नवी नटी घेतलीय, तिचे प्रसंग पुन्हा चित्रित होतायत. तेव्हा त्या पात्राबद्दल कृपया काही लिहू नका.”

“का काढलं त्यांना?”

“काढलं असं नाही. वेगळ्या दिशेने विचार केला.”

“त्यांना माहितेय?”

“त्यांच्या एजंटला कळवलेलं असणारच.”

ही गोष्ट काही नवी नव्हती. दरवर्षी पहिल्या भागातली दोनचार माणसं प्रक्षेपणाआधी बदलायची आणि ग्लेंडा मुकाट्याने मजकूर दुरुस्त करायची. या वेळी मात्र हात चालेना. तिने कॅलिफोर्नियाला फोन लावला.

“मला पंधरवड्यापूर्वीच कळलं,” ऑस्बीबाई म्हणाल्या. आवाज पूर्वीसारखाच होता, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. “त्यांनी कुठेतरी प्रेक्षक बसवून भाग दाखवला. त्या लोकांना मी आपल्या आईसारखी वाटले म्हणे. ते वाईट असतं, हे मला माहीत नव्हतं.”

“बाई, मिसेस निगार्डना—”

“नाही सांगितलं अजून. तिने हॉल घेतलाय, ग्लेंडा. फोनवर तिचा आवाज ऐकलास? सतरा वर्षांची पोर झालीय ती. मी सांगते. सांगते म्हटलं ना. आणि तू काय लिहिणार आहेस?”

“मी जे पाहिलं ते.”

“लिही. पण कीव करशील तर याद राख.”

वॉल्टरने हरकत घेतली. “जे कुणाला दिसणारच नाही, त्याचं परीक्षण छापून कुणाचं भलं होणार आहे?”

“दिसणार नाही म्हणूनच छापायचं. नाहीतर ते झालंच नव्हतं असं होईल.”

“ते लोक पुढच्या वर्षी कॅसेटी पाठवणार नाहीत.”

“मग त्यांच्या मालिका मी टीव्हीवर लागल्यावर बघीन, सगळ्यांसारख्या.”

वॉल्टरने डोळे चोळले आणि मजकूर पुढे पाठवला. ‘आम्हाला पाठवलेल्या भागात मार्जचं काम लव्हर्न ऑस्बी यांनी केलं होतं,’ असं त्यात लिहिलं होतं. ‘ते या मालिकेतलं सर्वांत चांगलं काम होतं. वाहिनीने त्यांच्या जागी दुसऱ्या नटीला घेतलं आहे. तुम्हाला त्या दिसणार नाहीत, म्हणून टेबल पुसण्याचा प्रसंग कसा होता ते इथे सांगत आहोत.’ आणि खाली तो प्रसंग सांगितला होता.

पुरवणी रविवारी निघायची होती. गुरुवारी आर्डिस कचेरीत हजर झाली. हातात लिंबाच्या वड्यांचा डबा.

“चव बघ. हॉलसाठी या करू की चॉकलेटच्या?”

ग्लेंडाने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि बाईंनी काहीही सांगितलेलं नाही हे तिला कळून चुकलं. तीन दिवसांनी हिने ते वर्तमानपत्रात वाचायचं? ग्लेंडाने फोन ओढला, कॅलिफोर्नियाचा नंबर फिरवला, बाईंचा आवाज आल्यावर एवढंच म्हणाली, “बाई, मिसेस निगार्ड माझ्यासमोर उभ्या आहेत. आता बोला,” आणि रिसीव्हर आर्डिसच्या हातात दिला.

आर्डिस उभ्यानेच ऐकत राहिली. “बरं,” ती म्हणाली. मग पुन्हा “बरं.” तिच्या गळ्यावर लाल डाग चढत गेले. शेवटी तिने विचारलं, “जेवतेस ना नीट?” आणि फोन ठेवला.

“तुला माहीत होतं.”

“हो.”

“गावाला माहितेय?”

“रविवारी कळेल. मी लिहिलंय.”

आर्डिसने डब्याचं झाकण घट्ट बसवलं. ती निघून जाणार असं ग्लेंडाला वाटलं. पण ती म्हणाली, “मला दाखव.”

बाहेरच्या माणसाला दाखवू नये असं कॅसेटवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. ग्लेंडाने ती यंत्रात सरकवली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

आर्डिस पर्स मांडीवर धरून ताठ बसली होती. ट्रकवाल्याचा प्रसंग आला. फडकं फिरत राहिलं, टेबल दुसऱ्यांदा पुसलं गेलं. आर्डिस पुढे झुकली.

“घरी हिने जन्मात कधी टेबल पुसलं नाही,” ती म्हणाली. “सगळं मी करायचे. ही माझी नक्कल आहे. बघ, फडकं खांद्यावर... मी टाकते तसं!”

मग तिने पर्समधून रुमाल काढला आणि भाग संपेपर्यंत तो डोळ्यांवरून हलवला नाही, त्यामुळे उरलेलं तिने बहुधा नुसतं ऐकलं.

“हॉल रद्द करणार?” ग्लेंडाने दाराशी विचारलं.

“का म्हणून? विमानाचं तिकीट काढलंय तिने.” आर्डिसने डबा टेबलावर ठेवला. “लिंबाच्याच करते.”

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी हॉलमध्ये बसायला जागा नव्हती. सगळ्यांनी ग्लेंडाची पुरवणी वाचली होती आणि त्यातल्या मजकुराचा कुणीही विषय काढला नाही. भट्टीत भाजलेल्या बटाटे-खिम्याच्या हॉटडिशची भांडी मांडली होती, कॉफी उकळत होती. ऑस्बीबाई निळ्या झग्यात पहिल्या रांगेत बसल्या. कॅलिफोर्नियाच्या उन्हाने त्यांचा रंग रापला होता. मालिका सुरू झाली. नवी मार्ज चाळिशीची, सोनेरी केसांची, ओठ रंगवलेली. ती पहिला विनोद बोलली. हॉलमधलं एकही माणूस हसलं नाही. दगडासारखे बसून होते सगळे, बाईंशी इमान राखून.

ऑस्बीबाई मात्र खो खो हसल्या. मग मागे वळल्या.

“अरे, हसा की! विनोद चांगला आहे. माझ्याकडून तो फुकट गेला होता!”

तेव्हा कुठे हॉल मोकळा झाला. टेबल पुसण्याचा प्रसंग नव्या भागात नव्हताच. त्या जागी मार्ज वकिलाबरोबर नाचली.

मग जाहिराती लागल्या आणि बाई ग्लेंडाला हॉलच्या स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

“आता खरं सांग. तू लिहिलंस ते मी गावची म्हणून?”

“नाही.”

“मग चुका सांग. फुकटचं कौतुक मला पचत नाही.”

“पहिल्या प्रसंगात तुम्ही फार मोठ्याने बोललात. कॅमेरा नाकासमोर होता आणि तुम्ही शाळेच्या नाट्यगृहात होतात. आणि वकिलाला रागावताना भुवया इतक्या वर गेल्या की मला भीती वाटली.”

बाईंनी नळ सोडला. “भुवया,” त्या म्हणाल्या. “बरोबर आहे. मलाही वाटलंच होतं.” त्यांनी एक कप धुऊन ग्लेंडाला कॉफी ओतून दिली, आणि दोघी बाहेर जाऊन उरलेला भाग बघायला बसल्या.

‘दुसरा कप’ नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच बंद पडली. ऑस्बीबाई कॅलिफोर्नियाला परतल्या. त्यानंतर त्या अधूनमधून न्यायाधीश, नर्स, शेजारीण अशा दिसायच्या. दोन वाक्यं बोलायच्या आणि जायच्या. ब्रॅडीच्या वाहिनीने पुढल्या उन्हाळ्यात कॅसेटी पाठवल्या, पण इतक्या उशिरा की पुरवणीत त्यांच्या मालिकांना जेमतेम अर्धा रकाना मिळाला. वॉल्टर तोंडातल्या तोंडात पुटपुटला, पण त्याने ग्लेंडाला काही ऐकवलं नाही.

आर्डिस मात्र ती वाहिनी अजून लावत नाही. हिमवादळाचा इशारा असला तरी तिथे काय सांगतायत ते ती शेजारणीला फोन करून विचारते.