चालू करून दाखवा

फेब्रुवारी १९९६ मधल्या ज्या दुपारी तुंगाबाईंच्या खांद्याचं हाड मोडलं, त्या दुपारपर्यंत त्या आणि त्यांची सून मथुरा महिनाभर एकमेकींशी कामापुरतंच बोलत होत्या.

मथुराचा नवरा नंदकिशोर बंगळूरजवळ बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात टूलमेकर होता. ऑक्टोबरात तो न्यूझीलंडला गेला, ऑकलंडमध्ये नोकरी लागली, भाड्याचं घर मिळालं, आणि आता मार्चअखेर मथुरा आणि सहा वर्षांची अक्षरा जायच्या होत्या. तुंगाबाई जयनगरच्या घरात एकट्या राहणार होत्या. घर त्यांच्याच नावावर होतं आणि ते सोडायची गोष्टही त्या ऐकून घेत नव्हत्या.

ओळखीच्या एका कुटुंबाच्या कंटेनरमध्ये सहा खोक्यांची जागा मिळाली होती. नंदकिशोरनं पत्रात लिहिलं होतं, ‘इथली वीज आपल्यासारखीच आहे, फक्त प्लगच्या पिना तिरक्या. मिक्सर, इस्त्री, कुकर आण. फ्रिज आणि वॉशिंग मशीन विकून टाक, इथं जुनं मिळतं. इडलीच्या ग्राइंडरचं तू ठरव, दगडांचं वजन फार आहे.’

ग्राइंडरवरून दोघींचं वाजलं.

“आत्या, ग्राइंडर तुम्हाला ठेवते,” मथुरा सासूला म्हणाली.

“मला कशाला? एका जिवाला दोन इडल्या पुरतात. ने तू.”

“मग फ्रिज तरी राहू दे.”

“शिळं खायची सवय नाही मला. वीक सगळं. माझ्यासाठी काही मागं ठेवायचं नाही.”

ते शेवटचं वाक्य मथुराला लागलं. तिनं त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. परदेशी जात असल्यामुळे फ्रिज, वॉशिंग मशीन विकणे आहे.

सोमवारी दोन माणसं आली. एक चाळिशीचा, राखाडी सफारीतला, बोलायला गोड. दुसरा तरुण, उंच, गप्प. सफारीवाल्यानं फ्रिजचं दार उघडून पाहिलं, रबर दाबून पाहिलं, आणि कन्नडमधून सहज विचारलं, “साहेब कामावर गेलेत का?” साहेब परदेशात आहेत, मुलगी साडेतीनला शाळेतून येते, घरात सासूबाई आणि मी, हे सगळं मथुरानं त्याला सांगून टाकलं. आपण निघतोय याचा आनंद तिच्या तोंडून सांडत होता. बुधवारी दुपारी टेम्पो घेऊन येतो म्हणून ते गेले.

“सांगायचं काही राहिलं का त्यांना?” आतल्या खोलीतून तुंगाबाई म्हणाल्या.

मथुरानं फ्रिजचं दार पुसायला घेतलं.

बुधवारी अडीच वाजता ते आले. टेम्पो मागून येतोय म्हणाले. उंच माणसाच्या हातात कापडी पिशवी होती. सफारीवाल्यानं सांगितलं, “अक्का, आमच्या बहिणीचं लग्न आहे. इस्त्री, मिक्सर, ग्राइंडर, विकणार असाल तर सगळंच घेऊ. पण चालू करून दाखवा.”

“ते नाही विकायचं. सोबत न्यायचंय.”

“स्वल्प, थोडं बघू तर द्या. सगळं एकदम लावा. लोड घेतं का बघतो.”

मथुराला हसू आलं. घरातल्या वायरिंगबद्दल नंदकिशोर असंच बोलायचा. तिनं मागच्या बाजूचं वॉशिंग मशीन सुरू केलं. तांदूळ भिजलेलेच होते, ते ग्राइंडरमध्ये टाकले. मिक्सरमध्ये मूठभर चणाडाळ घातली. फ्रिजशेजारच्या टेबलावर इस्त्री लावली. सफारीवाला मिक्सरचं बटण तिसऱ्या आकड्यावर फिरवून तसाच उभा राहिला. घर नुसतं घरघरू लागलं. मथुरा काही म्हणाली ते तिचं तिलाच ऐकू आलं नाही.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत उंच माणसानं पुढच्या दाराला कडी घातली. तुंगाबाई पंखे बंद करायला उठल्या होत्या, त्यांनी ती कडी पाहिली. त्या “ए” म्हणाल्या असतील. त्यानं पिशवीतून लोखंडी गज काढला आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर घातला. त्या भिंतीशी कोसळल्या.

मथुरानं वळून पाहायच्या आत सफारीवाल्यानं तिचे केस धरले आणि तिचं तोंड फ्रिजच्या दारावर आपटलं. एकदा, दोनदा. पुढचा दात तुटून जिभेवर आला. पांढऱ्या दारावरून रक्ताचा ओघळ खाली गेला. तो तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होता, “बंगार एल्लिदे? सोनं कुठंय?”

“बँकेत,” ती म्हणाली. “लॉकरमध्ये.”

त्याला ते पटलं नाही. परदेशी निघालेल्या बाईच्या घरात सोनं नाही, हे त्याला खोटंच वाटलं. त्यानं टेबलाखालची जादा वायर ओढली, तिच्या गळ्याभोवती दोन वेढे घातले आणि गुडघा पाठीत रोवून आवळली. तिच्या डोळ्यांपुढं काळं-पिवळं होऊ लागलं. नखांनी ती वायरखाली बोट घालायला बघत होती आणि स्वतःच्याच मानेची कातडी सोलत होती. मिक्सर तापून जळका वास येत होता. वरच्या मजल्यावर हयवदनराव, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले भाडेकरू, दुपारची झोप घेत होते. खाली मथुराबाईंचं दळण चाललंय, एवढंच त्यांना वाटलं असणार.

बाहेरच्या खोलीत उंच माणूस कपाट फोडत होता. त्याची पाठ होती. तुंगाबाई डाव्या हातानं भिंत धरून उठल्या. दाराशेजारी मीटरच्या खाली मेन स्विच होता, जुना, लोखंडी दांड्याचा. त्यांनी पूर्ण भार टाकून तो दांडा खाली ओढला.

घर एकदम मुकं झालं.

त्या शांततेत तुंगाबाई किंचाळल्या, “अय्यो, कोंदरु! मारलं! हयवदनराव, मारलं हो!” त्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत गेला.

सफारीवाल्याचा हात क्षणभर सैल पडला. मथुराच्या समोर इस्त्री होती. वीज गेली होती, पण ती तापलेलीच होती. तिनं मूठ धरली आणि न वळता, खांद्यावरून मागं, जिथं त्याचा श्वास लागत होता तिथं ती दाबली. मांस जळल्याचा चर्र आवाज झाला. तो गुरासारखा हंबरला आणि तिला सोडून मागं पडला. मग गालावर हात दाबून, खुर्चीला ठेचकाळत, तो स्वयंपाकघरातून मागच्या दारानं पळाला.

मागचं दार उघडं राहिलं. मथुरापासून ते पाच पावलांवर होतं. तिला बाहेर ऊन दिसलं, दोरीवरचे अक्षराचे मोजे दिसले. ती त्या दाराकडं गेली नाही. प्लगमधून उपटलेली इस्त्री तशीच धरून ती बाहेरच्या खोलीकडं धावली.

उंच माणसानं तुंगाबाईंवर गज उगारला होता. त्या दाराला पाठ लावून बसल्या होत्या आणि डावा हात डोक्यावर धरला होता. मथुरानं इस्त्रीची वायर हातात धरून ती गोफणीसारखी फिरवली. इस्त्री त्याच्या कानामागं बसली. तो गुडघ्यांवर आला. गज त्याच्या हातून सुटला आणि सोफ्याखाली गेला. तिनं आता इस्त्री मुठीत धरली आणि पुन्हा मारली. तो उताणा पडला. त्याचा चेहरा अगदी कोवळा होता, मिशीही नीट फुटलेली नव्हती. त्यानं दोन्ही हात जोडले.

“अम्मा, बेडा,” तो म्हणाला. नको, अम्मा.

मथुरानं ते ऐकलं. समजलंही. तरी तिनं मारलं. आणखी तीनदा. तिसऱ्या वेळी इस्त्रीचं टोक आत गेलं, आणि ते तिच्या मनगटाला कळलं.

बाहेरून हयवदनराव आणि शिंपी दार ठोठावत होते. तुंगाबाई दारापासून सरकल्या, कडी काढली. लोक आत आले तेव्हा मथुरा रक्तानं भिजलेली जमिनीवर बसली होती. तुंगाबाई घसटत तिच्याजवळ आल्या, त्यांनी तिच्या मुठीतून इस्त्री काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली.

इन्स्पेक्टर तासाभरात आला. “कोणी मारलं?”

“मी,” तुंगाबाई म्हणाल्या.

त्यानं त्यांच्या लोंबणाऱ्या उजव्या हाताकडं पाहिलं. “कुठल्या हातानं?”

“डाव्या. डावखुरी आहे मी.”

त्या डावखुऱ्या नव्हत्या. इन्स्पेक्टरनं मथुराच्या साडीकडं पाहिलं, मग तिच्या गळ्यावरच्या काळ्यानिळ्या वळाकडं. “सरी, अम्मा,” तो म्हणाला, ठीक आहे, आणि लिहू लागला. मथुरानं तोंड उघडलं, पण घशातून आवाज फुटेना. तो पुढचे सहा दिवस फुटला नाही.

सफारीवाला तिसऱ्या दिवशी होसूरच्या एका दवाखान्यात मिळाला. गालावर इस्त्रीचा तिकोनी डाग घेऊन मलम मागायला गेला होता. उंच माणूस नवव्या दिवशी सरकारी दवाखान्यात मेला. बावीस वर्षांचा होता. त्याच्या मृत्यूचा खटला तुंगाबाईंच्या नावावर लागला, जामिनावर त्या घरीच राहिल्या.

तुंगाबाईंचा हात गळ्यात बांधलेला होता. मथुरा त्यांना जेवण भरवत होती. वाटीत भात कालवताना ती म्हणाली, “आत्या, मी पोलिसांना खरं सांगते.”

“आणि पासपोर्ट? ते ठेवून घेतील. पोरगी इथं, बाप तिथं. किती वर्षं?”

“तो हात जोडत होता.”

“मी बघितलं.”

“तरी तुम्ही...”

“मागचं दार उघडं होतं,” तुंगाबाई म्हणाल्या. “तेही मी बघितलं. तू बाहेर जाऊ शकत होतीस. महिनाभर मी तुझ्याशी नीट बोलले नव्हते, तरी आलीस. आता खाऊ दे मला. बोलू नको.”

कंटेनरची तारीख जवळ आली. तुंगाबाईंनीच डाव्या हातानं भांडी कागदात गुंडाळली. मिक्सर खोक्यात घालताना मथुरा म्हणाली, “नको. मोटारीचा आवाज नको मला.” मग त्यांनी तो आणि ग्राइंडर वर हयवदनरावांकडं दिला. इस्त्री पोलिसांकडं, चिठ्ठी बांधून, कपाटात होती. फ्रिज धुवूनही कुणी घेईना, तो भंगारवाला घेऊन गेला. सहापैकी दोनच खोकी भरली. कुकर, डबे, अंथरुणं, अक्षराची पुस्तकं. नंदकिशोरला फोनवर मथुरानं तेच सांगितलं जे पोलिसांच्या कागदावर लिहिलं होतं.

ऑकलंडमध्ये दीड वर्ष गेलं. मग हयवदनरावांचं पत्र आलं. पत्र नंदकिशोरच्या नावानं होतं, पण ते मथुरानं उघडलं. त्यांनी लिहिलं होतं, ‘मथुराबाईंना सांगू नका म्हणून तुंगाबाईंनी बजावलं आहे, पण मला राहवत नाही. मेलेल्या मुलाची आई खटल्याच्या प्रत्येक तारखेला येते. गेल्या वेळी तिनं कोर्टाच्या व्हरांड्यात तुंगाबाईंना चपलेनं मारलं. ओठ फुटला. आम्ही धरलं तर तुंगाबाई म्हणाल्या, सोडा तिला. आताशा त्या तारखेला जाताना जुनं पातळ नेसतात.’

त्या संध्याकाळी मथुरानं नवऱ्याला सगळं सांगितलं. जोडलेले हातही सांगितले. नंदकिशोर उठून खिडकीशी गेला.

“आईला माहीत होतं?”

“त्यांच्यासमोर झालं.”

“मग तू काय करणार आहेस?”

“मी जाते,” ती म्हणाली. “अक्षराला तुम्ही सांभाळा.”

त्यानं तिला अडवलं नाही. विमानाच्या तिकिटासाठी त्यानं दुसऱ्या दिवशी गाडी विकायला काढली.

जानेवारी १९९८ मध्ये मथुरा बंगळूरच्या कोर्टात उभी राहिली. वकील म्हणत होता, गज उगारलेला होता एवढंच सांगा, पुढचं कुणी विचारत नाही. तिनं पुढचंही सांगितलं. गज सोफ्याखाली गेला होता. त्यानं हात जोडले होते. मी तीनदा मारलं. न्यायाधीशांनी लेखणी थांबवली. तुंगाबाईंना खोटं बोलल्याबद्दल त्यांनी सगळ्यांसमोर झापलं, आणि त्या मान खाली न घालता ऐकत राहिल्या. चार दिवसांनी निकाल आला. गळा आवळला गेल्यावर, जिवाच्या भीतीत हातून घडलेलं कृत्य. शिक्षा नाही.

बाहेर व्हरांड्यात ती बाई, त्या मुलाची आई, उभी होती. लहानशी, काळी, विटकी साडी. मथुरा पळाली नाही, तिच्यासमोर जाऊन थांबली. बाईनं पायातली चप्पल काढली. पहिला फटका डोळ्यावर बसला, दुसरा तोंडावर. मथुराच्या हिरडीतून रक्त आलं. तिनं हात वर केला नाही. चौथ्या फटक्याला तुंगाबाईंनी त्या बाईचं मनगट धरलं.

“साकू,” त्या म्हणाल्या. पुरे.

दोघी म्हाताऱ्या तशाच उभ्या राहिल्या, एकीचं मनगट दुसरीच्या मुठीत. मग ती बाई पायरीवर खाली बसली आणि आवाज न करता रडू लागली. तुंगाबाईंनी पडलेली चप्पल उचलून तिच्या पायाशी ठेवली.

हयवदनरावांनी रिक्षा आणली. मथुरा पदरानं तोंड पुसत होती. रिक्षा लालबागेजवळ आली.

“परत कधी निघणार?” तुंगाबाईंनी विचारलं.

“रविवारी.”

“मग उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडं चल. खांदा अजून वर जात नाही. मी एकटी गेले की तो नीट बघत नाही.”

“चला,” मथुरा म्हणाली.