चिचटोल्याची पाचवी

"लेकरू कडेवर घेऊन आज कोनी शाळेत यायचं नाई!"

भोजराज मास्तर शाळेच्या दारात हात आडवा करून उभे होते. समोर आमच्या चिचटोल्याच्या पोरी आणि बहुतेकींच्या कडेवर धाकटं भावंड.

दिवस रोवण्याचे, भातलावणीचे. आया शेतातल्या बांधीत, चिखलात वाकून भाताचे परे, म्हणजे रोपं लावायच्या, लेकरं मोठ्या बहिणींकडे, आणि बहिणी लेकरांसकट शाळेत. आमच्याकडे हे असंच चाले. मास्तरांचंही एरवी काही म्हणणं नसे. फळ्यापर्यंत रांगत आलेलं पोर ते स्वतः उचलून जागेवर नेऊन ठेवत. पण मागच्या तपासणीला एका लेकरानं साहेबांच्या बुटाशीच मुतून ठेवलं होतं, तेव्हापासून त्यांनी धास्ती घेतली होती.

आणि आजची तपासणी साधी नव्हती. नाल्याच्या अलीकडे आमची शाळा, पलीकडे मोहटोल्याची, दोन्ही चौथीपर्यंतच. जिल्हा परिषद दोघांत मिळून एकच पाचवी देणार होती, आणि साहेब दोन्ही शाळा एकाच दिवशी पाहून ठरवणार होते. पाचवी मोहटोल्याला गेली तर आमचे पोरगे जातील कसेबसे नाला ओलांडून. पोरींना पुराच्या पाण्यातून कोण धाडणार? रुखमाची चंद्रकांता चौथी पास झाली होती. शाळा सुटू नये म्हणून पुन्हा चौथीतच येऊन बसायची. तिचा तर आज निकालच लागणार होता.

"पन याले कोठी ठेवू जी, मास्तर?" तिनं विचारलं.

"मायपाशी ने. सायेब गेले की ये."

पोरी गेल्या त्या थेट टिकाराम पाटलाच्या बांधीकडे. गावातल्या बहुतेक बाया त्या दिवशी तिथंच रोवण्याला होत्या. टिकाराम शाळा समितीचा अध्यक्ष, पण आयत्या पोरी दिसल्याबरोबर त्यानं त्यांना पऱ्यांच्या पेंड्या वाहायला लावलं.

माझं चहाचं दुकान शाळेसमोर. साहेबांचा चहा माझ्याकडे, म्हणून मी आत होतो. साहेब मोहटोल्याकडून पायीच आले, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. त्यांनी कौलं पाहिली, पोरांना पाढे विचारले, धडा वाचायला लावला. पोरांनी खडाखड उत्तरं दिली. मास्तरांचा चेहरा खुलला.

"मास्तर, मुली कुठं आहेत?"

"रोवणा चालू आहे साहेब. थोड्या गैरहजर आहेत."

"थोड्या? चौथीत एकही दिसत नाही. रोवणा मोहटोल्यालाही चालू आहे. तिथं मुली वर्गात होत्या, कोणाच्या मांडीवर लेकरूही होतं. तुमची इमारत चांगली, मुलं हुशार. पण इथं मुलीच येत नसतील तर पाचवी कोणासाठी देऊ?"

अरे, सांगून टाका ना की मीच हाकलल्या! पण मास्तर हजेरीपट चाळत राहिले. मला असा संताप आला की तिथं उभं राहवेना. "दूध आनतो साहेब," म्हणालो आणि निघालो, तो धुऱ्याच्या बांधावरून घसरत, धावत बांधी गाठली.

"पाटील, पोरी धाडा लवकर! पाचवी मोहटोल्याले चालली!"

"परे खनून ठेवले हायेत," टिकाराम म्हणाला. "आज नाई लागले तं पिवळे पडतीन. कोनी जानार नाई."

"अन् पाचवी?"

"पोट्टे जातीन नाल्यापल्याड. पोरीयले पाचवी कायले पायजे?"

रुखमानं पाठ सरळ केली. हातातले परे चिखलात खोचले.

"चंद्रकांता, चाल. तुमीबी चाला वो पोरीहो."

"रुखमे! आता बांधीतून निंगाली तं उद्यापासून माह्या कामावर येऊ नोको!"

बाया जागच्या जागी थांबल्या. रोवण्याचीच तर मजुरी, त्यावर रुखमाचं वर्ष निघायचं. क्षणभर मलाही वाटलं, ही आता पुन्हा वाकते.

"उद्याचं उद्या पाहीन," असं म्हणून ती धुऱ्यावर चढली. मागून पोरी, कडेवर लेकरं.

आम्ही पोचलो तेव्हा साहेब छत्री उघडून पायरी उतरत होते. गुडघाभर चिखलाच्या पोरी पाहून ते थबकले. मास्तर पुढे आले आणि खाली पाहत म्हणाले, "साहेब, मीच यांना घरी पाठवलं होतं. लेकरं होती म्हणून."

साहेबांनी चंद्रकांताला विचारलं, "पाचवी झाली तर येशील?"

"येईन जी."

"पाचवीत इंग्रजी येतं, अभ्यास वाढतो. या लेकराला घेऊन किती दिवस टिकशील?"

तिनं आईकडे पाहिलं. तेवढ्यात टिकाराम बैल हाकायची तुतारी हातात घेऊन, रागानं फुत्कारत आला आणि साहेबांना पाहून एकदम हसला.

"या अध्यक्ष," साहेब म्हणाले. "या मुलींना रोज शाळेत पाठवायची जबाबदारी गाव घेईल का?"

"हाव जी, हाव! आमच्या पोरी रोजच येतेत. मी सोता पाहातो त्यायचं."

रुखमानं चंद्रकांताच्या कडेवरून बाळ उचललं आणि टिकारामाच्या हातात दिलं. तुतारी खाली पडली.

"आयकलं न सायेब? पाटील सोता पाहातेत. धरा मंग, पाटील. पोरगी वर्गात बसते, मी तुमचे परे लावतो."

साहेबांसमोर ते पोर खाली तरी कसं ठेवणार? साहेबांना हसू आवरेना. "पाचवी चिचटोल्यालाच देतो," ते म्हणाले. "पण दिवाळीआधी पुन्हा येईन. या मुली वर्गात दिसल्या पाहिजेत, अध्यक्ष."

पोरी हातपाय धुवून आत गेल्या. बाकीची लेकरं मास्तरांनी निमूटपणे आतच घेतली.

दुपारी बांधीकडे गेलो तर रुखमा ओळीत वाकलेली, आणि धुऱ्यावर पांढऱ्या धोतरातला टिकाराम पाटील. खांद्यावरचं पोर गाव डोक्यावर घेत होतं.

"रुखमे, हा चूप होत नाई वो! काय करू?"

"चंद्रकांताले समजते त्याचं," रुखमा मान वर न करता म्हणाली.

पाटील शाळेकडे वळला, तशी रुखमानं हाक दिली.

"आत्ता नाई, पाटील. शाळा सुटल्यावर."