जमकूच्या खांद्यावरचा मान

विलायतेच्या राणीने आमच्या भाभीबांना मान पाठवला, तेव्हा त्या कोपऱ्यात बसल्या होत्या. तिकडे नवरा गेल्यावर बाई काळे कपडे घालून बागेत फिरते म्हणे. आमच्या रजपुतांत ती कोपरा धरते. वर्षभर तीच खोली, तेच काळं साडलं, अंगावर सोन्याचा कण नाही, परक्याशी बोलणं नाही.

भाभीबा म्हणजे माझ्या मोठ्या जाऊ, फूलजीबा. संवत छप्पनच्या दुष्काळात त्यांनी आमच्या वावगढ संस्थानची कोठारं उघडायला लावली, स्वतःचे दागिने विकून बाजरी आणवली. मान त्याचा होता. दुष्काळ सरता सरता पटकी आली आणि तीत भाभीबांचे यजमान, आमचे दरबार, गेले.

मान म्हणजे राणीच्या नावाची अक्षरं, हिऱ्यामोत्यांची आणि पिरोजांची, निळ्या रेशमी फितीवर. डाव्या खांद्याला लावायचा. मोठ्या लाटसाहेबांची मडम स्वतः लावायला येणार होती.

भाभीबांना हिऱ्यांचं काडीचंही कौतुक नव्हतं. त्यांना मडम हवी होती. त्यांच्या सहा वर्षांच्या लेकाला, हमीरला, विलायतेत शिकायला धाडायचं असं इंग्रज सरकारच्या एजंटसाहेबाने ठरवलं होतं आणि कारभारी नुसती मान डोलावत होते. भाभीबांनी पाठवलेला प्रत्येक निरोप वाटेतच विरून जाई.

"मडमला समोरासमोर सांगेन," त्या मला म्हणाल्या. "पोर थोडं मोठं होऊ दे, मग न्या म्हणावं. तीही बाई आहे, ऐकेल."

आमच्या सासूबाईंनी, माजीसाहेबांनी, ते ऐकलं मात्र. "कोपऱ्यातली बाई परकीसमोर जाणार? आणि अंगावर हिरे घालणार? माझ्या लेकाची राख अजून गार नाही झाली."

"मग मान परत पाठवायचा का?" मी विचारलं.

"आणि एजंटाला राज्यात हात घालायला निमित्त द्यायचं? अक्कल गहाण टाकलीस का गं? मडमने फूलजीला कधी पाहिलंय? जमकूला बसवा."

जमकू भाभीबांबरोबर माहेराहून आंदण आलेली दासी. वय तेच, बांधा तोच. भाभीबा आधी मुळीच तयार होईनात. मग म्हणाल्या, समारंभ माझ्याच खोलीत करा, आणि जमकूला बोलणं घोकवायला बसल्या.

"बा, माझी जीभ टाळूला चिकटते," जमकू रडकुंडीला येऊन म्हणे. आमच्याकडे मालकिणीलाही बा म्हणतात आणि आईलाही बा.

"मेले, राणी तू होणार. मजा कर," भाभीबा म्हणत. "फक्त तेवढं एक बोल."

मडम आली. जमकू रेशमी साडल्यात मधोमध बसली होती. भाभीबा आपल्या कोपऱ्यात दासींच्या घोळक्यात, घुंगट ओढून, आणि मी त्यांच्या शेजारी. मडमने मान जमकूच्या खांद्याला लावला, तिचा हात हातात घेतला आणि काहीतरी विचारलं. दुभाषी म्हणून आलेल्या मिशनच्या बाईंनी ते आमच्या बोलीत सांगितलं. "राणीसाहेबांना काही हवं आहे का? मनात आहे ते मोकळेपणी बोला."

हा प्रश्न जमकूला जन्मभर मालकिणींनी विचारला होता, आणि दासीला त्याचं एकच उत्तर शिकवलेलं असतं.

"आपल्या दयेने सगळं आहे, बा. काही नको."

भाभीबांनी माझा पदर मुठीत धरला. "बोला," मी कुजबुजले. "कशी बोलू?" त्या म्हणाल्या. तोंड उघडलं असतं तर सोंग उघडं पडलं असतं आणि घराण्याची अब्रू गेली असती. दुष्काळात आख्खं राज्य जगवणाऱ्या बाईला स्वतःच्या पोरासाठी एक वाक्य बोलायची सोय नव्हती, याचा मला आजही संताप येतो. मडमने आपल्या यंत्राने जमकूची तसबीर काढली. पुरुषांना दाखवणार नाही असं वचन दिलं आणि गेली.

जमकू भिंतीवर डोकं आपटू लागली. "तोंडातून तेच निघालं, बा."

"तेच शिकवलं तुला आम्ही," भाभीबा म्हणाल्या. "दुसरं काय निघणार."

हमीर त्याच थंडीत विलायतेला गेला.

तो परतला तेव्हा मिसरूड फुटलेलं होतं आणि आमची बोली अडखळत येत होती. ओवाळायला विधवा चालत नाही, म्हणून उंबऱ्यावर तबक घेऊन जमकूच उभी होती. भाभीबा मागे, काळ्या साडल्यात. सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

हमीरने जमकूकडे पाहिलं. चेहरा असा उजळला की काय सांगू. "बा," म्हणत त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. उठला तेव्हा कोटाच्या खिशातून काढलेली तसबीर त्याच्या हातात होती, कडा झिजलेली. मडमने वचन पाळलं होतं. पुरुषांना दाखवली नव्हती, फक्त लहानग्या पोराला, ही तुझी आई म्हणून, नेऊन दिली होती. तो रोज तिच्याकडे बघून झोपत असे, आणि बघता बघता आईचा खरा चेहरा पुसला गेला होता.

जमकूने हातातलं तबक खाली ठेवलं.

"कुमारसाहेब," ती म्हणाली, "जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही. आज मागते. त्या मागे उभ्या आहेत ना, त्यांच्या पाया पडा. त्या तुमच्या बा."

हमीरने तसबिरीकडे पाहिलं, जमकूकडे पाहिलं. मग शहाण्या मुलासारखा पुढे आला आणि भाभीबांच्या पाया पडला. त्यांनी दोन्ही हात त्याच्या केसांवर ठेवले आणि तसेच धरून राहिल्या.

त्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग हळूच सुटून उठला आणि जमकूकडे वळून विचारलं, "झालं, बा?"