विसार घेतलेली जीप

धनराजच्या उघड्या जीपवर मखमलाबाद पंचक्रोशीतले निम्मे नवरदेव मिरवले असतील. निवडणुकीच्या निकालादिवशी तर तिला फारच मागणी. जो आधी विसार देईल त्याची जीप, हा धनराजच्या वडिलांपासूनचा नियम. दोन हजार चार साली खासदारकीला उभे राहणाऱ्या सावळीराम आप्पांनी निकालादिवसासाठी फेब्रुवारीतच विसार दिला. आणि मार्चात, आप्पांच्याच विरोधात, लोकसभेचं तिकीट मिळालं ते धनराजच्या थोरल्या बहिणीला, संध्याताईला. घ्या!

संध्याताई अर्थशास्त्राची डॉक्टर. फुलांच्या मळ्यातली पोर पुण्याला शिकली, दिल्लीत सरकारी समित्यांवर गेली, सहा वर्षं राज्यसभेत बसली. ती अर्थसंकल्पावर बोलायला उभी राहिली की मंत्रीसुद्धा चष्मा पुसून ऐकायचे, असं धनराज टपरीवर सांगायचा. त्याने काही ते पाहिलं नव्हतं. ताई मात्र म्हणायची, लोकांनी निवडून दिल्याशिवाय मी दिल्लीत पाहुणीच. म्हणून ही जागा तिला जिवापाड हवी होती.

"विसार परत कर," कार्यकर्ते धनराजला म्हणाले. "सख्खा भाऊ आप्पांची गाडी हाकणार? लोक तोंडात शेण घालतील."

धनराजलाही तेच हवं होतं. तो ताईकडे गेला. ती आईबरोबर, वत्सलाबाईंबरोबर, ओट्यावर मेथी निवडत होती.

"शब्द दिलायस ना?" तिने विचारलं.

"दिलाय. पण तवा तू कुठं उभी होतीस?"

"मग पाळ. आप्पा वीज फुकट देतो म्हणतात. मी सभेत सांगते, जमणार नाही ते मी कबूल करणार नाही. आणि घरातच कबूल केलेलं मोडायचं?"

"लय शिकलीस तू," वत्सलाबाई म्हणाल्या. "म्हणूनच पडशील."

आईचं बोलणं खरं झालं. पेठ रोडच्या गावांनी ताईला भरभरून मतं दिली, बाकीच्यांनी फुकट विजेला. दुपारी धनराजने झेंडूने मढवलेली जीप आप्पांच्या दारात लावली. आप्पा वर चढले आणि वाकून हळूच म्हणाले, "तुमच्या दारावरून नको रे. मागच्या रस्त्यानं घे."

माणूस वाईट नव्हता. धनराजने मागचा रस्ता धरला, तर वळणावर ताईच औक्षणाचं ताट घेऊन उभी. शेजारी आई, तोंड फुगवून. ढोल थांबले. ताईने आप्पांना कुंकू लावलं, ओवाळलं. आप्पांनी खिशात हात घातला.

"ओवाळणी आत्ता नको," ताई म्हणाली. "वीज फुकट द्या. नाही जमलं तर विचारायला येईन."

लोक हसले. आप्पाही हसले, जरा उशिरा. मग तिने धनराजच्या कपाळाला कुंकवाचं बोट लावलं, आणि चाळिशी ओलांडलेला तो गडी भर रस्त्यात स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला.

संध्याकाळी मळ्यात परतल्यावर तो जीपवरचा झेंडू ओरबाडून काढू लागला. ताई ओट्यावरून उतरली. तिचे डोळे सुजले होते आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

"फुलं राहू दे. उद्या सकाळी पेठ रोडला जायचंय."

"पडल्यावर कसली मिरवणूक, ताई?"

"माझी नाही रे. ज्यांनी खरं ऐकून मत दिलं, त्यांच्या दारात सजलेली जीप कधी जाणार?"

वत्सलाबाई उठल्या. आत जाऊन कळशी घेऊन आल्या आणि सकाळपर्यंत फुलं सुकू नयेत म्हणून झेंडूवर पाणी शिंपडू लागल्या.