खांडेनवमीला फिरलेलं मशीन

"फिरतंय का? न्हाय न्हवं? मग जाऊ द्या की भंगारात!"

आकाराम सुतार भावजयीच्या दारात उभा राहून गल्लीला ऐकू जाईल असा वरडत होता. विषय होता शेडातलं लाकूड कातायचं जुनं लेथ मशीन. त्याचा थोरला भाऊ ज्ञानू त्यावर लाटणी, रव्या, पाळण्याचे खांब कातायचा. ज्ञानू जाऊन नऊ वर्षं झाली. मशीन तवापासनं गप. शेड मात्र दोघा भावांच्या नावावर, आणि आकारामला तिथं जयसिंगपूरच्या आपल्या दुकानातली प्लायवूडची कपाटं कोंबायची होती. सुताराच्या पोटी जन्मून ह्या गड्यानं वीस वर्षांत रंध्याला हात लावला नव्हता. कुळाचा अभिमान मात्र पोतंभर.

"भावजी, आमची क्रांती चालवीन म्हणतीया," चिमणाबाई म्हणाली.

"सून? बाईमाणसानं सुताराच्या हत्याराला हात लावायचा? असलं आपल्यात न्हाय, वैनी."

क्रांती आतनंच बोलली, "मामा, लाटणं धरायला बाई चालती, मग कातायला का न्हाय?"

शेजारच्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. आकाराम पेटला. "खांडेनवमीपतूर फिरवून दावा! न्हाय तर त्याच दिवशी गाडी लावतो."

दहा दिवस हातात. क्रांतीचा नवरा पृथ्वीराज इचलकरंजीत मागावर कामाला. बिघडलेले माग दुरुस्त करणारा त्यांचा इकबाल त्यानं रविवारी गावाकडं धाडला. इकबालनं पट्टा सोडून चाक हलवलं. तसूभर हलेना. तेलाच्या भोकात खिळा घातला, तर खिळाच वाकला. मग त्यानं मशीनचं डोकं उघडलं.

"मावशी, ह्यात काय भरलंय? वीट भाजल्यागत झालंय की!"

चिमणाबाईनं वाकून बघितलं आणि तिचं तोंड उतरलं. "हळदकुक्कू हाय ते, बाबा."

नवरा गेल्यापासनं दर खांडेनवमीला ती मशीन पुजायची. हार, ऊद, निवद. आणि देवाला भरवावं तसं चिमूट चिमूट त्या भोकात. तेल मात्र नऊ वर्षांत कुणी घातलं नव्हतं. आपल्याकडं असंच असतंय. हात जोडायला सगळा गाव पुढं, तेल घालायला कुत्रं फिरकत न्हाय.

"म्हंजे मीच मारलं की रं!"

"मेलं न्हाय, मावशी. भक्ती जरा घट्ट झाली."

आठवडाभर क्रांती रॉकेल ओतून, सुरीच्या टोकानं खरवडत बसली. नखं लाल-पिवळी झाली. ज्यात दांडा फिरतो ती आतली नळी, म्हंजे बुश, झिजून गेलेला. इकबालनं भंगारात पडलेल्या मागाचा बुश घासून मापाला आणला, पण बसवायला सुट्टी गावली ती नेमकी खांडेनवमीच्या सकाळी.

शेवटचा नट आवळतोय तोवर दारात गाडी. दोरखंड घेतलेला भंगारवाला आणि पुढं आकाराम.

"मामा, झालंय. फिरवून दावती."

"आज?" आकारामनं डोळं वटारलं. "आज हत्याराचा आरामाचा दिवस. आज खटका दाबला तर कुळाला बट्टा!"

"मग दावायचं कसं?"

"ते मी कशाला सांगू? दिवस आजचा ठरला हुता." मग भंगारवाल्याकडं वळून, "पावणं, बांधा दोर."

बघा आता. खांडेनवमीला हत्यार चालवलं तर पाप. किलोवर विकलं तर न्हाय.

क्रांतीचा हात खटक्यावर, पण बोट दबंना. लग्न होऊन आली तवापासनं ह्या दिवशी घरातली विळीसुद्धा पाटावर बसलेली तिनं बघितलेली. तिनं सासूकडं बघितलं. चिमणाबाईच्या हातात पूजेचं ताट होतं. तिनं ते खाली ठेवलं, पदर खोचला.

"देवाला काय सांगायचं ते मी सांगती. तू दाब, पोरी."

मशीन आधी कण्हलं. मग घरघरलं, आणि मग एका सुरात गाऊ लागलं. क्रांतीनं बाभळीचा तुकडा चढवला, पटाशी टेकवली. ढलप्या उडाल्या. घटकाभरात लाटणं हातात. एका बाजूला जरा जाड, पण लाटणं.

भंगारवाल्यानं दोर खाली टाकून ते फिरवून बघितलं. "ताई, आमच्या घरात एक पायजे. न्हाय, दोन करा."

तोवर गल्ली जमलेली. आकारामनं टोपी सारखी केली आणि मशीनम्होरं छाती काढून उभा राहिला. "सुताराचं मशीन हाय, पावणं! आमच्या घराण्याचं! फिरणारच! कोणतरी फोटू काढा रं!"

"मामा, जरा सरका," क्रांती म्हणाली. "ढलप्या डोळ्यात जातील."

आकाराम सरकला. सरकत सरकत दाराबाहेर गेला. गाडी तशीच उभी होती, रिकामी. भंगारवाला आत, लाटण्याच्या नंबरात.