चव्वेचाळिसावा पूल

सासऱ्यांनी डाव्या खिशातला एक शेंगदाणा उजव्या खिशात टाकला आणि म्हणाले, "अकरा."

गाडी चालवणाऱ्या सुनेने आरशात पाहिलं. ओढ्यावरचा एक ठेंगणा पूल खरोखरच मागे पडत होता. तिच्या मोजणीतही तो अकरावाच होता. सासऱ्यांचे डोळे मिटलेले होते, आणि उघडे असते तरी फरक पडला नसता. चार वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. त्याआधी तीस वर्षं त्यांनी याच महामार्गावर बस चालवली होती.

"कळतं कसं तुम्हाला?"

त्यात काय कळायचंय, असा त्यांचा आविर्भाव. रस्त्याचा भराव दरवर्षी थोडा दबतो, पूल मात्र जागचा हलत नाही. म्हणून पुलावर चढताना एक धक्का बसतो, उतरताना दुसरा. हे डोळ्यांना नाही, बुडाला कळतं, असं ते म्हणाले, आणि सुनेपुढे भलताच शब्द गेला म्हणून लगेच खाकरले. सुनेने हसू दाबलं. मग तिने त्यांना मोठ्याने मोजायची बंदी केली. दोघांचे आकडे एकमेकांना ऐकू गेले तर ती तपासणी कसली?

तपासणी हेच तिचं काम. महामार्गाला पन्नास वर्षं झाली म्हणून एक जाडजूड पुस्तक निघणार होतं, आणि त्यातले आकडे पडताळायला प्रकाशकाने तिला दिले होते. लांबी जुळली, रुंदी जुळली, पुलांवर मात्र घोडं अडलं. जुन्या पुस्तिकेत चव्वेचाळीस, खात्याच्या नव्या यादीत त्रेचाळीस. सोमवारी पानं छपाईला जाणार. नवी यादी धरा आणि मोकळ्या व्हा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण बारा वर्षांत तिच्या नजरेखालून एकही चुकीचा आकडा छापून गेला नव्हता. तिने रविवारी गाडी काढली आणि सासऱ्यांना सोबत घेतलं.

नवऱ्याला ते पटलं नव्हतं. महिन्यापूर्वी बाबा एकटेच फिरायला गेले, भलत्याच गल्लीत वळले आणि शेजाऱ्याने त्यांना हाताला धरून घरी आणलं. त्या दिवसापासून त्यांची काठी कपाटाच्या माथ्यावर गेली होती आणि ते खिडकीशी बसून होते. "बाबांचा आता गोंधळ होतो. त्यांच्या भरवशावर काही मोजू नकोस," असं तो सकाळी म्हणाला, आणि हळू बोलायचं विसरला. सासऱ्यांनी सुनेकडे फक्त दोन मुठी शेंगदाणे मागितले.

महामार्ग संपला तिथे तिने गाडी कडेला घेतली. तिच्या वहीत त्रेचाळीस खुणा होत्या.

सासऱ्यांनी मांडीवर रुमाल पसरून उजवा खिसा रिकामा केला आणि चाचपत मोजलं. चव्वेचाळीस. पुन्हा मोजलं. तेवढेच.

सुनेने आपल्या खुणा पुन्हा मोजल्या, त्रेचाळीसच. खात्याची यादी बरोबर असेल तर नवराही बरोबर होता, आणि ती काठी काही खाली येत नव्हती.

"वाटेत एखादा तोंडात टाकला नाहीत ना?"

"टाकला असता तर एक कमी भरला असता. जास्त कसा भरेल?"

मीच एखादा हुकवला असेन, असं ती पुटपुटली. सासरे ताठ बसले.

"माझी समजूत काढू नकोस, पोरी. गाडी वळव."

परतताना दोघं मोठ्याने मोजत होती. वीस पुलांपर्यंत एकमत. एकविसाव्यालाही एकमत. त्यानंतर सरळ, सपाट रस्ता, आणि सासरे म्हणाले, "बावीस. हा बघ."

तिने ब्रेक दाबला. डावीकडे रोपवाटिका, उजवीकडे टायरचं दुकान. ना पाणी, ना कठडा.

"इथे काहीच नाही, बाबा."

रुमालाच्या गाठोड्यावर त्यांची मूठ आवळली गेली. ते पाहवेना म्हणून ती खाली उतरली आणि टायरवाल्याला विचारायचं म्हणून विचारलं, इथे कधी पूल होता का?

"होता काय? आहे की," टायरवाला हात पुसत म्हणाला. "माझं गोदाम त्याच्याच खाली आहे."

ओढा वरच्या अंगाला वळवला होता, रस्ता रुंद करताना कठडे गेले, आणि दोन्ही बाजूंना दुकानं उठली. दुकानामागच्या पायऱ्या ती जवळजवळ धावतच उतरली. डोक्यावर काँक्रीटची जाड स्लॅब, खाली जुन्या टायरांच्या चळती, आणि दगडी भिंतीत कोरलेला आकडा, २२. ती एकटीच मोठ्याने हसली. मग वर जाऊन सासऱ्यांना हात धरून खाली घेऊन आली आणि त्यांचा तळवा त्या आकड्यावर ठेवला.

त्यांनी दोन्ही दोनांच्या खाचांतून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा.

"तीस वर्षं याच्या डोक्यावरून गेलो," ते म्हणाले. "भेट आज होतेय."

वरून एक ट्रक गेला. एक धक्का, मग दुसरा. सासरे मान वर करून खळखळून हसले, टायरवालाही हसला, आणि सुनेने हसत हसतच आकड्यासकट त्यांचा फोटो काढला. निघताना सासऱ्यांनी डाव्या खिशातले उरलेले शेंगदाणे टायरवाल्याला देऊन टाकले.

संध्याकाळी नवऱ्याने दार उघडलं. सुनेने फोटो दाखवला आणि झालं ते सगळं सांगितलं. सासऱ्यांनी रुमालाची गाठ सोडून शेंगदाणे टेबलावर ओतले आणि खुर्चीत बसले. नवऱ्याने फोटो पाहिला. मग उभ्या उभ्या, दोन-दोन करत, त्याने सगळे शेंगदाणे मोजले. मोजून झाल्यावर तो आत गेला.

आतून स्टूल सरकवल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात काठी होती. शर्टाच्या बाहीने तिच्यावरची धूळ पुसून त्याने ती दाराशी, बाबांच्या चपलांजवळ टेकवून ठेवली.

सासऱ्यांनी आवाजाच्या दिशेने कान केला. मग टेबल चाचपून त्यांनी एक शेंगदाणा उचलला.

"आता एक खायला हरकत नाही," ते म्हणाले, आणि तो तोंडात टाकला.