धाकटीचा दोर

आम्ही दोघी जावा एकमेकींना पाण्यात पाहतो, आणि दिवसभर पाण्यावरच असल्यामुळे त्यात खंड पडत नाही. आमचे नवरे, सख्खे भाऊ, कारखान्यात जातात. होड्या आम्ही चालवतो. या काठावरची माणसं पलीकडच्या दवाखान्यापाशी नेऊन सोडायची. तिला सगळे थोरली म्हणतात, मला धाकटी. थोरलीचं तोंड इंजिनाच्या आधी सुरू होतं. "धाकटे, दोर गुंडाळ. धाकटे, धक्क्यावर सुटा दोर ठेवू नये." सासू परवडली.

यंदा बंदराच्या कचेरीने ठरवलं की या फेरीचा परवाना एकाच होडीला. तपासणी सकाळी नऊला, पलीकडच्या धक्क्यावर. जी होडी जास्त भरवशाची, तिला परवाना. दुसरीने घरी बसायचं. घरी बसणं मला मानवत नाही. चार दिवसांत मी भांड्यांशी भांडायला लागेन. म्हणून आदल्या संध्याकाळी होडी घासली, रंगाचा हात दिला, जुने दोर काढून कोरे बांधले.

सकाळी निघाले तेव्हा थोरली माझ्या दहा मिनिटं पुढे होती. मधल्या धारेत पोचले तर तिची होडी आडवी झालेली. इंजिन बंद. नांगर टाकला होता, पण तळच्या चिखलात तो धरत नव्हता, आणि पाण्याची ओढ तिला पुलाच्या खांबांकडे नेत होती. ती उभी राहून दोन्ही हात सावकाश वर-खाली करत होती. ही आमची मदतीची खूण. माझ्याकडे मात्र बघत नव्हती.

खोटं कशाला सांगू, पहिला विचार हाच आला की पुलापाशी मासेमार असतात, कोणीतरी धावेल. मी सरळ गेले तर वेळेत पोचते. चार-पाच श्वास हा विचार टिकला. मग सुकाणू वळवलं. पाण्यावर एकच नियम आहे. अडलेली होडी दिसली की आधी दोर, मग विचारपूस. भांडण असेल तर ते काठावर. माणूस कोण आहे हे त्यात येतच नाही. समोर थोरली असली की तेवढंच जड जातं.

दोर फेकला, तिने पुढच्या खुंटाला बांधला.

"हळू ओढ, धाकटे. झटका देऊ नकोस."

"मला शिकवू नका!"

एवढंच बोलणं झालं. धक्क्याला लागलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. तपासनीस साहेब दुसऱ्या टोकाहून आमच्याकडे यायला निघाले होते. तेवढ्यात थोरलीने वाकून आकडीने इंजिनाचा पाण्यातला पंखा चाचपला आणि त्यात गुंडाळलेला दोर ओढून काढला. जुना, विटका दोर. टोकाला लाल सुतळी.

दोराच्या टोकाला लाल सुतळी मीच बांधते, दुसरं कोणी नाही. आदल्या संध्याकाळी काढलेला दोर मी आमच्या काठच्या धक्क्याच्या कडेला ठेवला होता. नंतर उचलू म्हटलं, आणि विसरले. रात्रीत तो पाण्यात घसरला असणार. थोरलीने ते टोक बोटांत फिरवलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोर फळीखाली सारला.

"ओढून आणावी लागली?" साहेबांनी विचारलं. "काय झालं?"

"इंजिन जुनं झालंय," थोरली म्हणाली. "बंद पडलं."

साहेबांचं पेन कागदावर टेकलं. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि तेच मला जन्मात कधी जमलेलं नाही.

"साहेब, यांचं इंजिन ठणठणीत आहे," मी म्हटलं. तिच्या होडीत उतरले, फळीखालचा दोर काढून त्यांच्यापुढे ठेवला. "हा माझा. मी सुटा टाकला होता, तो यांच्या पंख्यात गेला. सुरू करून बघा."

थोरलीने इंजिन सुरू केलं. एका झटक्यात लागलं. साहेबांनी कान देऊन ऐकलं, सगळं लिहून घेतलं. माझ्याशी ते तिरकं बोलले नाहीत. सुटा दोर टाकणाऱ्या होडीत माणसं बसवता येणार नाहीत, एवढंच म्हणाले, आणि परवाना थोरलीच्या हातात दिला.

ते गेल्यावर थोरली माझ्या होडीत आली.

"अतिशहाणी! मी सांभाळून घेतलं होतं ना?"

"म्हणूनच बोलावं लागलं," मी म्हटलं. "तुम्ही नेहमीसारख्या माझ्यावर ओरडला असतात, तर मीही तोंड शिवून बसले असते."

मग मला रडू फुटलं. परवाना गेला म्हणून रडले. उगाच मोठेपणा कशाला घेऊ? थोरली शेजारी टेकली. धक्क्यावर पहिल्या फेरीची माणसं जमली, एकाने हाकही मारली.

"जा," मी म्हटलं, "तुमची माणसं खोळंबलीत."

"थांबतील," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.